लिंबू आणि टक्क: एमजीबीच्या मागच्या ॲक्सलच्या नोंदी

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४

दसरा. काल खंडेनवमीला पान्हे, जॅक, ग्रीसगन ओळीत मांडून हळदकुंकू वाहिलं. आज गाडीच्या नाकावर झेंडूची माळ बांधली, चारही चाकांपुढे लिंबं ठेवली आणि हळूच क्लच सोडला. लिंबांचा 'पच्च' व्हायच्या आधी मागून 'टक्क' झालं. बायको बाहेर उभी होती, तिलाही ऐकू गेलं. म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ नाहीत.

गाडी १९७२ची एमजीबी रोडस्टर, एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची मोटार. क्रोम बंपरवाली, १७९८ सीसी, तारांची चाकं, ओव्हरड्राइव्हसकट (वेग तोच ठेवून इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर). इंग्लंडात रेडिंगला आल्यावर दुसऱ्या वर्षी घेतली, आता नऊ वर्षं झाली. चाळिशी ओलांडलेल्या गाडीला इथे दरवर्षीच्या एमओटी तपासणीची सक्ती नाही. सोय आहे, पण त्यामुळे गाडीखाली दुसरं कुणी डोकावत नाही. जे काय बघायचं ते मीच.

तक्रारी तीन, आणि तिन्ही या उन्हाळ्यात हळूहळू वाढलेल्या:

एक, टक्क. गाडी उचलताना एकदा, ॲक्सिलरेटर सोडला की परत एकदा.

दोन, चाळिशीच्या पुढे मागून घरघर. मैलांची चाळिशी.

तीन, आणि ही सगळ्यात नको वाटणारी: वळणात पाय उचलला की गाडीचा मागचा भाग किंचित बाजूला सरकल्यासारखा वाटतो. स्टिअरिंग मी हलवलेलं नसताना गाडी आपल्या मनाने बोटभर वळते.

रविवार, १३ ऑक्टोबर

सकाळी रस्ता रिकामा असताना ए-४०७४ने वॉलिंगफर्डपर्यंत जाऊन आलो. या रस्त्याला वळणं भरपूर, त्यामुळे चाचणीला बरा.

पहिली चाचणी ओव्हरड्राइव्हची. ज्यांच्याकडे ओव्हरड्राइव्ह आहे त्यांच्याकडे निदानाचं फुकटचं यंत्र आहे. टॉपमध्ये ५० मैलांवर गाडी धरायची आणि खटका चालू-बंद करायचा. गाडीचा वेग तोच राहतो, पण इंजिनचे फेरे पाचव्या हिश्श्याच्या आसपास कमी-जास्त होतात. आवाज इंजिन किंवा गिअरबॉक्समधला असेल तर तो बदलणार. माझी घरघर ढिम्म बदलली नाही. म्हणजे ती ओव्हरड्राइव्हच्या मागची: प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा), क्राऊन-पिनियन (त्या दांड्याची फिरकी चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी), नाहीतर चाकांची बेअरिंग.

दुसरी चाचणी फोनची. डिकीत स्पेअर चाकाशेजारी फोन ठेवून आवाजाचा आलेख घेतला. वेग जीपीएसवर बघितला, कारण गाडीचा काटा आशावादी आहे. हिशेब असा: टॉपमध्ये इंजिनच्या १००० फेऱ्यांना गाडी साधारण १७.९ मैल वेग धरते. म्हणजे ५० मैलांना प्रोपेलर शाफ्ट मिनिटाला २७९३ फेरे मारतो, सेकंदाला साडेसेहेचाळीस. क्राऊनला ४३ दात, पिनियनला ११. तेव्हा दातावर दात पडण्याचा सूर ५१२ हर्ट्झच्या आसपास लागायला हवा. पेटीवर पांढरी एकचा तार षड्ज ५२३ला असतो, त्याच्या जरासा खाली. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस (त्याला वाकू देणारा सांधा) गेला असेल तर फेऱ्याला दोन ठोके, म्हणजे ९३ हर्ट्झ. चाक स्वतः सेकंदाला बाराच वेळा फिरतं.

आलेखात ५१०च्या आसपास एक बारीक रेघ आहे. पाय उचलल्यावर ती जरा गडद होते. म्हणजे क्राऊन-पिनियन थोडं गातंय, पण कानाला त्रास देणारा आवाज तो नाही. घरघरीला सूरच नाही. १०० ते ३०० हर्ट्झमध्ये नुसता धुरळा आहे, गिरणीत पिठाआड काही दिसू नये तसा.

तिसरी चाचणी वळणांची. लांबलचक डाव्या वळणात गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो. तिथे घरघर वाढते. उजव्या वळणात जवळपास गायब. हे चार-पाच वळणांवर तपासलं, परत येताना उलट्या दिशेनेही. टायरचा आवाज म्हणावा तर नव्या गुळगुळीत डांबरावरही तीच तऱ्हा.

तूर्त अंदाज: घरघर उजव्या मागच्या चाकाचं बेअरिंग. टक्कबद्दल काहीच कळलं नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

शेजारच्या निवृत्त आजोबांनी तरुणपणी दोन एमजीबी वापरल्यात. कुंपणावरूनच ऐकून म्हणाले, "डिफरन्शियलच्या थ्रस्ट वॉशर. सगळ्यांच्या जातात." म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांमागच्या चकत्या. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. एमजीबी टक्क वाजली की हे उत्तर ठरलेलं. बहुतेक वेळा बरोबरही असतं, म्हणून तर जास्त धोक्याचं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

आज मोजमाप. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, मागे ॲक्सलच्या नळ्यांखाली स्टँड. स्टँड चॅसिसखाली न लावता ॲक्सलखाली लावले, म्हणजे पाट्यांवर (मागच्या स्प्रिंगांवर) गाडीचा भार राहतो आणि त्यांच्या टोकांतले रबरी बुश नेहमीच्या जागी दिसतात. गाडी दोन्ही हातांनी हलवून बघितली, मगच खाली शिरलो.

आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. मोठा स्क्रूड्रायव्हर योकमध्ये अडकवून पिळला. दोन्ही क्रॉस घट्ट, टोपीभोवती गंजाची लाल भुकटी नाही. फ्लँजचे चारही बोल्ट आवळलेले. बाद.

मग ढिलेपणा किती ते आकड्यात आणायचं ठरवलं. पिनियनच्या फ्लँजला (शाफ्ट जोडला जातो त्या चकतीला) ३०० मिमी लांबीची लाकडी पट्टी क्लॅम्पने बांधली, तिच्या टोकाशी पुठ्ठ्यावर पेन्सिलीच्या खुणा. हँडब्रेक करकचून ओढला, गिअर न्यूट्रल, आणि हाताने शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. पट्टीचं टोक ९६ मिमी फिरलं. साधारण १८ अंश. बरंच आहे.

आता हे १८ अंश कोणाकोणाचे? तारांच्या चाकांत आणखी एक जागा असते: चाक हबवर (मधल्या तुंब्यावर) खाचांवर, म्हणजे स्प्लाइनवर बसतं, आणि त्या खाचा झिजल्या की उचलताना टक्क होतं. पण हँडब्रेक धरतो ब्रेकच्या ड्रमला, ड्रम बोल्ट केलेला हबला. म्हणजे वरच्या मापात चाकाच्या खाचा येतच नाहीत. त्या वेगळ्या तपासल्या. चाकाच्या मधल्या भागावर आणि ड्रमवर सलग खडूची रेघ मारली आणि टायर धरून झटके दिले. डावीकडे रेघ तुटत नाही. उजवीकडे केसभर. हबच्या खाचांची टोकं अजून बोथट आहेत. झिजली की ती करवतीच्या दातांसारखी टोकदार होतात, तसं काही नाही. चाकं बाद.

तारा चमच्याने वाजवल्या. साठच्या साठ टणटणीत, दोन्हीकडे. एखादी ढिली असली की 'टण'ऐवजी 'थप' येतं.

मग दोन्ही ड्रमवर आणि ब्रेकच्या पत्र्यावर रेघ मारून शाफ्ट परत हलवला. दोन्ही ड्रम जागचे हलत नाहीत. म्हणजे १८चे १८ अंश आत, डिफरन्शियलमध्ये. आजोबा जिंकले. थ्रस्ट वॉशरचा संच मागवला.

*(२६ तारखेला भर: इथे चुकलो. ड्रम हलत नाही म्हणजे हब हलत नाही, एवढंच सिद्ध होतं.)*

रविवार, २० ऑक्टोबर

आज तिसरी तक्रार, गाडी आपल्या मनाने वळण्याची. एमजीबीला मागे सरळ ॲक्सल, तो दोन पाट्यांवर आवळलेला. ॲक्सलला पुढे-मागे धरणारं दुसरं काहीही नाही. एका बाजूचा पाटा काही मिलिमीटर पुढे-मागे सरकला तर अख्खा ॲक्सल तिरका होतो आणि मागची चाकं गाडी वळवायला लागतात. पाय दिला की एकीकडे, उचलला की दुसरीकडे.

गाडी जमिनीवर घेतली. मुलीच्या नेलपॉलिशने दोन्ही पाट्यांच्या पुढच्या डोळ्यांवर (बोल्ट जातो त्या गोल टोकांवर) आणि त्यांच्या ब्रॅकेटवर आडवी रेघ मारली. ("बाबा, तो महागातला आहे." चमकी होती, उलट बरी दिसते.) बायको गाडीत बसली, घरासमोरच पहिला, रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स. मी फरशीवर आडवा. डावीकडची रेघ अखंड. उजवीकडे पाट्याचा डोळा बोल्टभोवती स्पष्ट पुढे-मागे जातो, तीन-चार मिलिमीटर. रबर फाटून बाहेर आलंय, चघळलेल्या च्युइंगमसारखं.

शिवाय ॲक्सल पाट्याला आवळणाऱ्या उजव्या यू-बोल्टच्या चार नटांपैकी दोन साध्या पान्ह्याने पाव-पाव फेरा फिरले. पाटा आणि ॲक्सलमधल्या रबरी गाद्या दबून पातळ झाल्यात. पाट्याचं मागचं टोक धरणारी कडी, शॅकल, ठीक.

पुढच्या डोळ्याचा बोल्ट काढताना दोन तास गेले. बुशच्या आतल्या लोखंडी नळीत तो गंजून एकजीव झालेला. गंज सोडवणारं तेल, उष्णता, शिव्या, सगळं करून शेवटी हॅकसॉ. चार पाती गेली. दुसऱ्या बाजूचाही बुश बदलणार, पण तिकडे सरळ करवतीनेच सुरुवात.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

कोल्हापूरला मामांना व्हिडिओ कॉल. मामांनी उद्यमनगरात तीस-पस्तीस वर्षं ॲम्बेसेडर टॅक्स्या उघडल्या आणि मिटल्या. माझी गाडी त्यांनी कधी हातात घेतलेली नाही, पण नातं जवळचं: ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि माझं १७९८चं, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीज इंजिनांच्या घराण्यातली. मागे तोच सरळ ॲक्सल, तेच पाटे. इंग्रज मोटार म्हटली की ते हसतात. म्हणतात, अरे, आमचीच की ती.

पुठ्ठ्यावरच्या खुणा, खडूच्या रेघा, सगळं कॅमेऱ्यावर दाखवलं. निदान ऐकून म्हणाले, "हौसिंग उघडतोस व्हय? उघड की. पण हबच्या आत बघितलंस का?"

"ड्रम हलत नाही, मामा. रेघ मारून बघितलं."

"ड्रम न्हवं रे. हबाच्या आतला शाफ्ट. हब गप बसंल आणि शाफ्ट आत नाचंल. टॅक्सीवाले नट हातानं आवळून यायचे माझ्याकडं, अन् म्हणायचे मामा क्राऊन गेलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शनिवार, २६ ऑक्टोबर

उजवं चाक उतरवलं. एमजीबीच्या उजव्या बाजूच्या मधल्या नटाला डावे आटे असतात, डाव्या बाजूला नेहमीचे. हे विसरून तांब्याच्या हातोडीने उलट्या दिशेला ठोकत बसणारे मी पाहिलेत. एकदा मीही.

चाक निघालं की हब म्हणजे एक पोकळ नळकांडं. त्याच्या तळाशी हाफ शाफ्टचं (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्याचं) टोक, त्यावर मोठा खाचांचा नट, तो फिरू नये म्हणून त्यातून गेलेली स्प्लिट पिन. मी गाडीखाली प्रोपेलर शाफ्ट धरून, मुलगी टॉर्च घेऊन हबसमोर उकिडवी. हँडब्रेक ओढलेला.

"बाहेरचं हलतं का?"

"नाही."

"आत?"

जरा वेळ काहीच नाही. मग: "बाबा, नट हलतोय. पिन पण. घड्याळाच्या काट्यासारखा, टिक इकडे, टिक तिकडे."

मी सरपटत बाहेर आलो, तिला गाडीखाली पाठवलं आणि स्वतः बघितलं. हब स्थिर, आणि त्याच्या तळाशी नट आणि शाफ्ट मिळून दोन-तीन अंश डोलतायत. दर वेळी बारीक आवाज. नळकांड्यात कान घातला तर तोच टक्क, फक्त लहान.

डावीकडे हेच केलं. काही हालचाल नाही.

मग हिशेब परत मांडला. डिफरन्शियल दोन बाजूंची सरासरी काढतं. उजवा शाफ्ट हबमध्ये ३ अंश सैल असेल आणि डावा घट्ट, तर क्राऊनला मोकळीक मिळते दीड अंशाची. पिनियनपर्यंत येताना ते ३.९०९ पट होतं, म्हणजे सुमारे ५.९ अंश. माझ्या ३०० मिमीच्या पट्टीवर ३१ मिमी. ९६पैकी ३१ एकट्या उजव्या हबचे. उरलेले ६५ मात्र अजून आतच आहेत, तेव्हा आजोबाही अगदी हरलेले नाहीत.

स्प्लिट पिन काढली. नटाला पान्हा लावला तर पहिल्याच झटक्यात सैल. या नटाला १५० फूट-पौंड टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, असायला हवा. हब ओढायला पुलर उसना आणून ठेवला होता. लागलाच नाही, हब दोन्ही हातांनी धरून ओढला आणि आला. शाफ्टच्या खाचांवर आणि निमुळत्या कॉलरवर गंजासारखी लाल-तपकिरी भुकटी. कोरडं लोखंड लोखंडावर सतत थरथरत राहिलं की ती पडते. खाचांच्या एका कडेला पायरी पडली आहे, नख अडकतं.

आता प्रश्न, हा नट कुणी ढिला ठेवला. गाडी घेतली त्या गॅरेजला मनातल्या मनात नावं ठेवून झाली. मग जुनी वही काढली. पान सापडलं:

"जून २०२१. उजव्या मागच्या ब्रेकवर तेल. हबचं ऑइल सील बदललं. हब नट पाइप लावून आवळला. पिनचं भोक जुळेना, नट किंचित मागे घेतला. ठीक."

माझंच अक्षर.

तेव्हा माझ्याकडे मोठा टॉर्क पान्हा नव्हता. भोक जुळलं नाही तर नट पुढेच आवळायचा असतो, मागे कधीच घ्यायचा नाही, हे मला तेव्हाही माहीत असायला हवं होतं. तीन वर्षं हा शाफ्ट हबमध्ये नाचत होता, आणि वहीत 'ठीक' लिहिलेलं होतं.

मामांना फोटो पाठवला. उत्तर आलं: एक अंगठा.

रविवार, २७ ऑक्टोबर

घड्याळं एक तास मागे. आता पाच वाजताच अंधार पडणार. नवा हब, नवी कॉलर, बेअरिंग, ऑइल सील, पाट्याचे बुश, गाद्या, यू-बोल्ट मागवले. हाफ शाफ्ट जुन्या सामानवाल्याकडून, खाचांचे जवळून घेतलेले फोटो मागवून. झिजलेल्या शाफ्टवर नवा हब बसवणं म्हणजे पैसे गटारात.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. नवा हब खोक्यातून काढून चौरंगावर ठेवला होता. बायकोने बघितलं, बोलली काही नाही, फक्त त्याखाली वर्तमानपत्र सरकवलं.

शनिवार, २ नोव्हेंबर

ब्रेकची नळी सोडली, हँडब्रेकची तार सोडली, ब्रेकचा मागचा पत्रा उतरवला आणि सरकत्या वजनाच्या हातोडीने हाफ शाफ्ट ओढला. चौथ्या ठोक्याला आला, बेअरिंगसकट. बेअरिंग बोटावर धरून फिरवलं: खसखस. ग्रीस जवळपास संपलेलं, उरलेलं तपकिरी राड्यासारखं. बाहेरच्या कड्यावर कपचे उडालेत. घरघर सापडली. नाचणाऱ्या हबने बेअरिंगला मारलं की २०२१ला मीच ग्रीस भरायला विसरलो, हे आता कळायला मार्ग नाही. मला दोन्हींचा संशय आहे.

मग हौसिंग, म्हणजे डिफरन्शियलचं कवच. माझा सॅलिसबरी पद्धतीचा ॲक्सल, मागून पत्र्याचं कव्हर. यात क्राऊनचा अख्खा पिंजरा बाहेर काढायचा तर हौसिंग ताणायचं खास अवजार लागतं. पण थ्रस्ट वॉशरसाठी त्याची गरज नाही, पिंजरा जागेवर ठेवूनच त्या बदलता येतात. अट एवढीच की दोन्ही हाफ शाफ्ट बाहेर हवेत. म्हणजे डावाही काढला. डावा नट १५० फूट-पौंडांना हलला नाही, पुढे मोठा पाइप लावून मग हलला. त्याला असंच असायला हवं होतं.

तेल काढायच्या आधी भरायचं बूच सुटतं का ते बघून घेतलं. आधी तेल सांडलं आणि मग वरचं बूच फिरेना असं झालं की गाडी तिथेच अडकते.

तेल बोटावर घेऊन टॉर्चखाली धरलं. तांबूस चमचम आहे, लोखंडाची कीस नाही. क्राऊनचे दात गुळगुळीत, घासण्याची खूण बरीचशी दाताच्या मध्यावर. मग ते गाणं का? पन्नासहून जास्त वर्षं झाली त्याला. गाऊ दे.

रविवार, ३ नोव्हेंबर

भाऊबीज. सकाळी साताऱ्याहून ताईचा फोन, मी हातमोज्यांसकट ओवाळून घेतलं. पडद्यावर तिने निरांजन फिरवलं, इकडे मी एका हातात फायबरची वॉशर धरून. "ते काय बिस्कीट आहे का?" म्हणाली.

होतं तसंच. मोठ्या बाजूच्या गिअरांमागे फायबरच्या वॉशर असतात, त्यातली उजवीकडची तीन तुकड्यांत निघाली. छोट्या दोन गिअरांमागच्या तांब्याच्या वाटीसारख्या वॉशर. एक निम्मी झिजून ब्लेडच्या धारेसारखी, नखाने वाकते.

काढणं सोपं गेलं. क्राऊन फिरवून छोटी अडसर-पिन समोर आणली, पंचने बाहेर काढली, मग मधला आडवा दांडा सरकवून बाहेर. बाजूचा एक गिअर हाताने फिरवला की दोन्ही छोटे गिअर चालत चालत खिडकीपाशी येतात. वॉशरसकट उचलायचे.

बसवताना मात्र तीन तास लागले. दोन्ही छोटे गिअर बरोबर समोरासमोर आले पाहिजेत, तरच दांडा दोन्हींतून जातो. एक दात इकडे किंवा तिकडे गेला की दांडा पहिल्या गिअरातून जातो आणि दुसऱ्याच्या भोकाच्या कडेला अडतो. नव्या वॉशर जाड, त्यामुळे गिअर फिरवताना त्या मागे राहतात, घसरतात, तेलात पडतात. पहिल्या प्रयत्नात एक दात कमी. दुसऱ्यात एक दात जास्त. तिसऱ्यात गिअर बरोबर, वॉशर हौसिंगच्या तळाशी. चौथ्यात वॉशर ग्रीसने चिकटवल्या आणि गिअरांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला: दोन्ही ठिपके एकाच वेळी खिडकीत घातले आणि एकाच वेळी आत फिरवले. दांडा बोटाच्या जोराने गेला. वेळ सव्वाचार, बाहेर संधिप्रकाश. अडसर-पिन ठोकून तिची भोकं पंचने चिमटून टाकली.

शनिवार, ९ नोव्हेंबर

जोडणी. नवी बेअरिंग दोन्हीकडे, ग्रीस या वेळी बोटाने दाबून दाबून भरलं. मुलीने फोटोही काढला, पुरावा म्हणून. नवी सील. पाट्यांना नवे बुश, गाद्या, यू-बोल्ट. डोळ्याचे बोल्ट नुसते लावून ठेवले, शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवल्यावर. हवेत असताना आवळले तर गाडी उतरवताना रबर पिळतं आणि वर्षभरात परत फाटतं.

कव्हर, नवं गॅस्केट, ईपी ९० तेल. सांगितलेलं माप दीड पिंट, साधारण ८५० मिलिलिटर. भोकातून ओघळ येईपर्यंत भरलं.

हब नट: खाचा पुसून कोरड्या, नवी कॉलर. टॉर्क पान्हा शेजारच्या आजोबांचा, माझ्याएवढा उंच. उजवा १५० फूट-पौंडांवर कट्ट. पिनचं भोक जुळत नव्हतं. पुढे आवळला, अंदाजे १६५ला जुळलं. डावा १५०लाच जुळला. दोन्ही स्प्लिट पिना नव्या.

पट्टी, पुठ्ठा, हँडब्रेक ओढून: ३८ मिमी. आधी ९६ होते. मध्ये फक्त उजवा हब बदलून वेगळं माप घ्यायचं राहून गेलं, ती चुटपुट आहे.

आजोबा कुंपणावरून: "वॉशरच होत्या ना?"

"वॉशरही होत्या," म्हटलं.

रविवार, १० नोव्हेंबर

ॲबिंग्डनपर्यंत गेलो, पंचवीसेक मैल. तिथल्या मार्चम रोडच्या कारखान्यात १९६२ ते १९८० पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या. ऑक्टोबर १९८०ला कारखाना बंद. तिथे आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही. पाच मिनिटं गाडी बाजूला लावली, चारही हब हाताने चाचपले. कोमट, चारही सारखे. मग परत.

पाय दिला, उचलला. टक्क नाही. एक मऊ 'धप' आहे, सगळ्या जुन्या एमजीबींत असतो तसा. वळणात पाय उचलला तर गाडी जिथे आहे तिथेच राहते. इतकी वर्षं हातांनी शिकलेली ती छोटी दुरुस्ती आता उगाच होते, मीच गाडीला उलटं वळवतो. दोन-तीन दिवस लागतील विसरायला.

घरघर गेली, आणि ती गेल्यामुळे ५१२ हर्ट्झचं गाणं स्वच्छ ऐकू येतंय. पाय उचलल्यावर, ४५ ते ५५च्या मध्ये. बायको म्हणाली, हा नवा आवाज कुठला? जुनाच आहे, म्हटलं, आता बाकीचे गप्प झालेत.

रविवार, १७ नोव्हेंबर

११० मैल झाले. दोन्ही चाकं उतरवून, पिना काढून हब नट तपासले.

उजवा: १५०ला हलला नाही.

डावा: १५०ला अंगठ्याएवढा फिरला. पुढच्या भोकापर्यंत आवळला, १६०. नवी पिन.

यू-बोल्ट: उजवीकडचा एक नट पाव फेरा. बाकी घट्ट. नेलपॉलिशची रेघ दोन्ही डोळ्यांवर अखंड.

तेलाची पातळी भोकापर्यंत. गळती नाही, उजव्या ड्रमच्या खाली बोटभर ओल दिसली, ती ब्रेक ऑइलची: नळीचा जोड अर्धा फेरा आवळला. पुढच्या शनिवारी परत बघणे.